तेविसाव्या चालीचा उंट

आपल्याला दोन गोष्टी उत्तम येतात. एक, माणसाच्या नाकावर चष्मा बसवणं. दुसरी, बुद्धिबळ. आपल्याला म्हणजे मला! बावीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवतोय आणि एवढ्या वर्षांत एकही गिऱ्हाईक 'दिसत नाही' म्हणून परत आलेलं नाही. म्हणजे येतात तशी. मी त्यांना परत पाठवतो! आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, ते पाठ असलं की निम्मं दुकान आपोआप चालतं. नव्या चष्म्याने गरगरतंय? "आठ दिवस जातील. सवय होईल." पायरी आहे त्यापेक्षा वर दिसतेय? "सवय होईल." जमीन पोटापाशी आल्यासारखी वाटतेय? "अहो काका, सवय होईल!" आणि खरंच होते. दहातल्या नऊ जणांना होते. दहावा लाजेखातर गप्प बसतो.

तर यंदा मी बायकोला स्पर्धेच्या दिवशी सकाळीच सांगून टाकलं, "कपाटातला वरचा कप्पा रिकामा कर. ढाल येतेय."

"कुणाची?" ती म्हणाली.

"माझी! आज शेवटची फेरी आहे. सरांशी."

"तुमचे सर? मग कप्पा राहू दे. त्यात मी चादरी ठेवल्यात."

बायकोला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. पण अकरा वर्षं ती ढाल सरांच्या घरी आहे, एवढं तिला ठाऊक होतं.

सर म्हणजे आमचे शाळेतले गणिताचे सर. वय वर्षं शहात्तर. मला बुद्धिबळ शिकवलं त्यांनी, ते मी आठवीत असताना. शिक्षा म्हणून! बीजगणितात सात मार्क पडले होते. सर म्हणाले, "तुला पुढचं बघायची सवयच नाही. बस इथे." आणि समोर पट मांडला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी किती डाव हरलो असेन, त्याची मोजदाद नाही. सरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशात. आमचं मंडळ वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. संध्याकाळी पाच वाजता त्या जिन्यात काठीची टकटक ऐकू आली की खाली ग्रंथपालबाई न बघताच घड्याळ लावून घेतात. एवढंच त्यांचं आयुष्य उरलं होतं आणि त्यात ते खूश होते.

आता चष्म्याकडे येतो, कारण तो लागणार आहे.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी सर दुकानात आले होते. नंबर वाढला होता. मी त्यांना काळी, जाड काड्यांची एक फ्रेम दाखवली. "सर, हीच घ्या! मी स्वतःसाठीसुद्धा हीच काढून ठेवलीय." सर म्हणाले, "तू घेतोयस ना, मग मला काय बघायचंय." दोघांनाही दोन भागांची भिंगं. वर लांबचं, खाली जवळचं, मधे रेघ. आमचा दोघांचा लांबचा नंबर जवळजवळ सारखा, जवळचा मात्र त्यांचा बराच जास्त. दोन्ही चष्म्यांची भिंगं एकाच दुपारी घासून आली आणि मी ती स्वतःच्या हातांनी बसवली. मी कारागिरावर सोडत नाही. स्वतःच्या हातांनी!

चार दिवसांनी सर परत आले. म्हणाले, "अरे, पेपर वाचताना अक्षरं पळतात रे."

मी काय म्हणालो असेन, ते तुम्हीही आता सांगू शकाल.

खरं सांगायचं तर माझाही नवा चष्मा मला त्रास देत होता. ऑर्डरची चिठ्ठी नाकाला टेकवल्याशिवाय वाचता येईना. बायको म्हणाली, "अहो, नंबर चुकला असेल. एकदा तपासा तरी." मी हसलो. बावीस वर्षांचा अनुभव! म्हटलं, "आठ दिवस जातील." आठाचे वीस झाले. पण स्वतःच्या दुकानातला चष्मा आपल्यालाच लागत नाही, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? म्हणून मी सवय होण्याची वाट बघत राहिलो.

झालं. स्पर्धेचा दिवस उजाडला. मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. बाविसाव्या चालीपर्यंत डाव असा काही लढवला की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. म्हणजे मी हरत नव्हतो! सरांविरुद्ध बाविसाव्या चालीला न हरणं ही माझी आजवरची सगळ्यात मोठी कामगिरी होती. आता फक्त हत्ती एक घर सरकवायचा, सरांना बरोबरी सुचवायची आणि अब्रूनिशी घरी जायचं, असा बेत होता.

माझा हत्ती आणि माझा उंट शेजारीशेजारी उभे होते. मी हत्तीकडे बघितलं. चष्म्याची रेघ नेमकी त्या दोघांवरून जात होती. वरच्या भागातून बघितलं तर हत्ती डावीकडे. खालच्या भागातून बघितलं तर तो फुगून, धुरकट होऊन उजवीकडे. म्हटलं, सवय होईल. हात पुढे केला, मोहरं उचललं आणि उचलल्यावर कळलं की हातात उंट आहे!

ज्यांना बुद्धिबळ माहीत नाही त्यांना सांगतो. स्पर्धेत एक नियम असतो. मोहऱ्याला हात लावलात की तेच चालवायचं. हातातून चूक झाली, क्षमा असावी, असलं काही चालत नाही. आणि आमच्या मंडळाचे सेक्रेटरी आणि पंच म्हणजे टेलरमास्तर. ते माझ्याच टेबलापाशी उभे होते, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. त्यांनी उंट माझ्या हातात बघितला. सरांनीही बघितला. उंट हवेत लटकलेला आणि मी त्याच्यामागे घामाने निथळतोय!

तो उंट मागे नेता येत नव्हता, कारण मागे माझीच मोहरी दाटीवाटीने बसलेली. पुढे तिरक्या रेषेत तीन घरं रिकामी होती, पण तिन्ही ठिकाणी तो फुकट मरत होता. चौथ्या घरात सरांच्या राजाशेजारचं प्यादं होतं. तिथेही मरतच होता. म्हटलं, मरायचंच आहे तर निदान शह देऊन मरू दे! डोळे मिटून त्या प्याद्यावर उंट आदळला आणि जमेल तेवढ्या करारी आवाजात म्हणालो, "शह!"



सरांचा घोडा तिथून दोन पावलांवर होता. त्याने उंटाला खाल्लं असतं की विषय संपला. काल मोहरी मांडायला शिकलेल्या माणसालाही दिसावं इतकं उघड. मी मनातल्या मनात कागदावर 'हरलो' लिहून टाकलं आणि घरी जाताना चादरींबद्दल काय बोलायचं, याचा विचार करायला लागलो.

पण सर खेळेचनात! पाच मिनिटं गेली. दहा गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चालींचा कागद उचलून डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, खाली ठेवला. पुन्हा पटाकडे बघितलं. मान डावीकडे, मान उजवीकडे. अर्धा तास गेला. मग हळूच त्यांनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

"सोडला डाव. छान खेळलास."

मी त्यांच्या हाताकडे बघतच राहिलो. तो घ्यायचा असतो, हे टेलरमास्तरांनी मला कोपराने ढोसून सांगितलं.

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. अगदी सोपं होतं. 'सर, हात चुकला.' तीन शब्द! पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. दातांचे डॉक्टर, जे मला गेली नऊ वर्षं 'काय, चष्मेवाले' एवढंच म्हणत आलेत, ते पुढे आले आणि म्हणाले, "सर, काय बलिदान होतं!" मला 'सर' म्हणाले हो! आणि माझं तोंड उघडलं ते असं म्हणायला, "हं. बरेच दिवस डोक्यात होतं."

माणूस एकदा खोटं बोलला की पुढची खोटी वाक्यं आपणहून रांगेत उभी राहतात. मला कधी सुचलं? "सतराव्या चालीला." इतकं पुढचं कसं बघता? "साधना." घरी ढाल घेऊन गेलो. बायकोने ढालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सरांना बरं नाहीये का?"

आता आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. ती सरांनीच घालून दिलेली. अंतिम डावाची शेवटची स्थिती हॉलच्या भिंतीवरच्या मोठ्या पटावर आठवडाभर लावून ठेवायची. ज्याने त्याने तिच्यासमोर उभं राहून विचार करायचा. मोबाईलमधल्या बुद्धिबळाच्या यंत्राला विचारायचं नाही. "आधी आपलं डोकं, मग यंत्राचं," हे सरांचं वाक्य तिथे पाटीवर रंगवलेलं आहे. आणि पुढच्या रविवारी विजेत्याने सगळ्यांसमोर डाव उलगडून सांगायचा. अकरा वर्षं सरांनी सांगितला. यंदा पाटीखाली खडूने माझं नाव!

सोमवारी मी मुद्दाम डोकावलो. वाटलं होतं, एव्हाना कुणीतरी 'अहो, घोड्याने उंट खाल्ला तर?' असं विचारलं असेल. विचारलं होतंच. एका नवख्या सभासदाने. पण टेलरमास्तरांनी त्याला खाली बसवलं होतं. "घोड्याने खाल्ला तर? अरे बाबा, एवढं सरांना दिसलं नसेल? सरांनी डाव सोडला, त्या अर्थी घोड्याने खाल्ल्यावर पुढे काहीतरी भयंकर आहे. शोधा!"

आणि सगळे शोधत होते! दातांच्या डॉक्टरांनी दोन पेशंट बसवून ठेवले होते. त्यांच्या मते घोड्याने खाल्लं की मी वजीर कोपऱ्यात नेतो आणि काळ्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. टेलरमास्तरांचं म्हणणं, वजीर नाही, राजा! मी राजा एक घर बाजूला घेतो. "ही शांत चाल आहे. शांत चाली कळायला वय लागतं." मंगळवारपर्यंत तीन तट पडले. बुधवारी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मला विचारलं की मी नुसता हसायचो. त्या हसण्यामुळे माझी किंमत आणखीच वाढत गेली.

बुधवारी संध्याकाळी बायकोने जेवता जेवता मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. "तुमच्या त्या पटाचा फोटो काढून मी यंत्राला विचारलं."

"नियमाविरुद्ध आहे ते!"

"मी कुठे सभासद आहे? यंत्र म्हणतंय, तुम्ही हरताय. साफ."

"यंत्राला काय कळतंय त्यातलं!"

"मला फक्त एवढंच कळत नाहीये," ती म्हणाली, "यंत्राला नुसत्या फोटोत दिसलं, मग सरांना का नाही दिसलं?"

मी मोबाईल पालथा घातला. कारण हा प्रश्न रविवारपासून माझ्या पोटात होता आणि मी तो ढालीखाली दाबून ठेवला होता.

गुरुवारी दुपारी दुकानात काठीची टकटक झाली. सर आले. काखेत त्यांचा घडीचा पट, हातात पिशवी. पिशवीत मोहऱ्यांची पेटी आणि त्यांचं जुनं दोन तोंडांचं घड्याळ. सगळं त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"हे तुझ्याकडे ठेव."

"कशाला, सर?"

"मी थांबतोय आता." ते स्टुलावर बसले. "मंडळात कुणाला बोलू नकोस. रविवारी तुझं ऐकायला येईन. त्यानंतर नाही."

मी म्हणालो, "सर, एक डाव हरलात म्हणून कुणी असं..."

"हरल्याचं नाही रे! हरण्याचं काय वाटायचंय मला?" सर हसले, पण नेहमीसारखे नाही. "मला हल्ली दिसत नाही. डोळ्यांना नाही, डोक्याला. तीन आठवडे होतंय असं. मोहरं एका घरात ठेवलेलं आठवतं आणि बघावं तर ते दुसऱ्याच घरात. माझंच अक्षर मला लागत नाही. परवा मुलीचा नंबर फिरवला तर भलत्याच बाईंना लागला. दोनदा. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनी मला ओळखणं बंद केलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो."

दुकानात बाकी कुणी नव्हतं. भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं आपली शहाण्यासारखी मोठ्याकडून लहानाकडे रांगेत उभी होती.

"तू खेळलास ते मला समजलंच नाही," सर म्हणाले. "अर्धा तास बघत होतो. म्हटलं, याला इतकं पुढचं दिसतंय आणि आपल्याला समोरचं दिसत नाही. मग बरं वाटलं. निदान शिकवलेला पोरगा तरी पुढचं बघतोय."

मी तिथेच बोलायला हवं होतं. हो, मलाही माहीत आहे! पण माझ्या आत एक माणूस हिशेब मांडत बसला होता. उंट चुकून उचलला म्हणून सांगायचं, तर का चुकला तेही सांगावं लागणार. चष्म्यातून दिसलं नाही म्हणून! गावभर बोभाटा होणार की चष्मेवाल्याला स्वतःच्या चष्म्यातून उंट आणि हत्ती यांतला फरक कळत नाही. मग कोण पाऊल टाकेल माझ्या दुकानात? मी सरांना चहा पाजला, दुकानाच्या पायरीपर्यंत सोडलं आणि ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत दारात उभा राहिलो. त्यांचा पट काउंटरवर होता. तो आत कपाटात ठेवायला माझा हात होईना.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. उंट, हात, घाम, सगळं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे तुमच्या ढालीपायी त्या माणसाला वाटतंय की आपलं डोकं गेलं."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

 

रविवारी हॉल गच्च भरला होता. चार खुर्च्या खालच्या वाचनालयातून आणाव्या लागल्या. ग्रंथपालबाईसुद्धा वर आल्या होत्या. सर शेवटच्या रांगेत, दाराजवळ. अकरा वर्षं ते जिथे उभे राहिले, तिथे मी उभा, हातात त्यांचीच लाकडी छडी.

टेलरमास्तरांनी प्रास्ताविक केलं. "मित्रहो, ज्या चालीने आपली झोप उडवली..." वगैरे. टाळ्या. मी घसा साफ केला.

"तर," मी म्हणालो, "तेविसावी चाल."

"घोड्याने खाल्लं तर वजीर कोपऱ्यात ना?" दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेतून ओरडले.

"राजा बाजूला!" टेलरमास्तर.

"सांगतो," मी म्हणालो आणि उंट जिथून निघाला त्या रिकाम्या घरावर छडी ठेवली. ठेवायची होती त्या घरावर, पडली शेजारच्या हत्तीवर. दोघंतिघं कौतुकाने म्हणाले, "अच्छा! म्हणजे हत्ती!" आणि लिहून घ्यायला लागले! शेवटच्या रांगेत सर पुढे झुकून, डोळे बारीक करून, वहीत लिहायचा प्रयत्न करत होते. लिहिलेलं वाचायला त्यांनी वही लांब धरली. मग जवळ आणली. मग मिटून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून नुसते ऐकत बसले.

ते बघितलं आणि माझी छडी खाली आली.

"हत्ती नाही," मी म्हणालो. "उंटही नाही. काही नाही. मला हत्ती चालवायचा होता. चुकून उंट उचलला गेला."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, सुरुवातीचा विनोद आहे.

"खरंच सांगतोय! नव्या चष्म्यातून मला हत्ती आणि उंट यांची सरमिसळ झाली. हात लागला म्हणून चालवावा लागला. मरतोच आहे तर शह देऊन मरू दे म्हटलं. त्यात बलिदान नव्हतं, साधना नव्हती, सतराव्या चालीला मला भूक लागली होती, बाकी काही नाही. घोड्याने उंट खाल्ला की मी संपलो होतो. तुमचं काही चुकलेलं नाही, सर. तुमचं डोकं जागेवर आहे. डोकं माझं फिरलं होतं, आठ दिवस."

 टेलरमास्तरांनी टेप गळ्यातून काढून हातात घेतली. दातांच्या डॉक्टरांनी वहीचं पान हळूच उलटलं.

सर उठले. काठी टेकत पुढे आले, टेबलाशी बसले. तिथल्या छोट्या पटावर डावाची तीच स्थिती मांडलेली होती. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते पुसायला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू खरं बोललास, बरं केलंस," ते म्हणाले. "पण त्याने माझं काही बदलत नाही. तुला हात लागला, पण मला घोडा दिसला नाही ना! तो दर वेळी शेजारच्या घरात दिसत होता. माझाच घोडा!"

मीही घामाघूम झालो होतो. चष्मा काढला, टेबलावर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं. सरांनी चाचपडत हात पुढे केला, चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला.

आणि तसेच थांबले.

त्यांनी टेबलावरच्या पटाकडे बघितलं. मग खिशातून त्या दिवसाचा चालींचा कागद काढला, छातीसमोर धरला आणि वाचायला लागले. पहिली चाल. दुसरी. तिसरी. एकही न अडखळता, वर्गात पाढे म्हणून घ्यायचे त्या आवाजात, थेट बाविसाव्या चालीपर्यंत!  मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, "तेविसावी. उंट प्याद्याला मारतो, शह." त्यांनी घोडा उचलला, अलगद. "घोडा उंटाला मारतो. यात काय आहे? काहीच नाही!"

"मी पहिल्याच दिवशी म्हणत होतो!" दातांचे डॉक्टर ओरडले.

मी टेबलावर उरलेला चष्मा उचलला. तीच काळी फ्रेम, त्याच जाड काड्या. आमच्या धंद्यात मशीन नसलं तरी नंबराचा अंदाज घ्यायची एक रीत आहे. चष्मा हातभर लांब धरायचा आणि भिंगातून एखादी सरळ रेघ बघत हलवायचा. रेघ किती सरकते त्यावरून कळतं. मी भिंतीवरच्या पटाची रेघ धरली, हलवलं. मग सरांच्या नाकावरून चष्मा उतरवून घेतला, तोही तसाच हलवला. आणि बावीस वर्षांच्या अनुभवाने मला खात्रीने सांगितलं की जवळजवळ चार आठवडे मी सरांचा चष्मा घालून हिंडत होतो आणि सर माझा!

स्वतःच्या हातांनी बसवला होता ना! स्वतःच्याच हातांनी चष्म्यांच्या डब्यांची अदलाबदल केली होती.

"सर," मी म्हणालो.  "चार दिवसांनी तुम्ही आला होतात. अक्षरं पळतात म्हणून."

"आलो होतो की."

"मी तपासलाच नाही."

सरांनी त्यांचा चष्मा माझ्या हातातून घेतला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, हातावरच्या शिरांकडे बघितलं. एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. तर हसत होते! इतके हसले की टेलरमास्तरांना पाणी आणायला पळावं लागलं. "म्हणजे डोकं ठीक आहे माझं!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "नुसता चष्मा! अरे, नुसता चष्मा!" मग तिथेच त्यांनी मोबाईल काढला, मुलीचा नंबर आपल्या बोटांनी फिरवला आणि बरोबर लागला. "काही नाही गं," ते म्हणाले, "सहज केला." मी खिडकीशी जाऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिलो. मला रस्ता धड दिसत नव्हता आणि त्यात चष्म्याचा काही दोष नव्हता.

नियमाप्रमाणे डावाचा निकाल बदलत नाही. सोडला तो सोडला. त्यामुळे ढाल अजून माझ्याकडेच आहे. ती मी दुकानात ठेवलीय, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल अशी. कुणी विचारलं, कशाची, तर खरं सांगतो. गंमत म्हणजे दुकान बंद पडलं नाही. उलट त्याच आठवड्यात पाच माणसं आली, गेल्या दोन-तीन वर्षांत लाजेखातर गप्प बसलेली. त्यांतल्या दोघांचे चष्मे चुकले होते. आता कुणी 'दिसत नाही' म्हणालं की मी ते वाक्य उच्चारत नाही. तोंडावर येतं, पण गिळतो. चष्मा काढून घेतो, हातभर लांब धरतो आणि हलवून बघतो.

पुढच्या रविवारी सर दुकानात पट परत न्यायला आले. तिथेच काउंटरवर मांडला. म्हणाले, "चल, बस. दोघांच्याही नाकावर आपापला चष्मा आहे." त्यांनी एकोणीस चालींत माझा असा काही फडशा पाडला की मला माझा वजीर कधी गेला तेही कळलं नाही. बायको बघत होती. मी डोकं धरून बसलो. म्हणालो, "सर, आठ दिवस मी विजेता होतो. आता हे हरणं फार जड जातंय हो!"

सरांनी मोहरी पेटीत भरली, काठी उचलली आणि दारातून वळून म्हणाले,

"आठ दिवस जातील. सवय होईल."